टोपीची अक्षरे आणि संगणकाचा कळफलक : एस्पेरांतोच्या लिपीचा एक प्रश्न

१. विषयप्रवेश

ल्युडविक लाझार झामेनहोफ (जन्म १८५९) या नेत्रवैद्याने १८८७ साली वॉर्सा येथे एक लहानशी रशियन पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यावर लेखकाचे नाव ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे ‘आशा बाळगणारा डॉक्टर’, असे छापले होते. पुढे हेच टोपणनाव त्याने रचलेल्या भाषेचे नाव झाले. या भाषेचे व्याकरण, तिची शब्दसिद्धी आणि तिच्यामागील विश्वबंधुत्वाची कल्पना यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने तिच्या लिपीतील सहा अक्षरांचा प्रश्न भाषाभ्यासकांच्या चर्चेत दुय्यम राहिला. ही सहा अक्षरे आरंभी छापखान्याला अडचणीची वाटली, नंतर टंकलेखन यंत्राला आणि शेवटी संगणकाला. लिपी आणि लेखनसाधन यांचे परस्परसंबंध समजून घेण्यासाठी हा इतिहास उद्बोधक आहे. संगणकाच्या कळफलकावरून ही अक्षरे कशी उमटविली जातात, त्यासाठी कोणत्या पद्धती रूढ झाल्या आणि त्या पद्धतींचा भाषेच्या लेखनावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. सहा अक्षरांचे स्वरूप

एस्पेरांतोची वर्णमाला अठ्ठावीस अक्षरांची आहे. रोमन लिपीतील क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही चार अक्षरे तीत नाहीत. उरलेल्या बावीस अक्षरांना सहा चिन्हांकित अक्षरांची जोड दिलेली आहे. सी, जी, एच, जे आणि एस या पाच अक्षरांवर छपराच्या आकाराचे चिन्ह येते. एस्पेरांतो भाषक त्याला ‘चापेलो’ म्हणजे टोपी असे म्हणतात. सहावे अक्षर यू. त्याच्यावर आपल्या देवनागरीतील अर्धचंद्रासारखे चिन्ह येते आणि त्यामुळे तो स्वर न राहता अर्धस्वर होतो. बेलारुशियन भाषेतही अशाच अर्धस्वरासाठी असेच चिन्ह वापरले जाते. या लेखात पुढे या अक्षरांचा निर्देश ‘टोपीचा सी’, ‘टोपीचा एस’, ‘चंद्राचा यू’ असा केला आहे.

एका ध्वनीला एक अक्षर आणि एका अक्षराला एकच ध्वनी, हे या वर्णमालेचे मूलतत्त्व होय. मराठी वाचकाला त्याची प्रचीती ‘सी’ या अक्षराच्या जोडीवरून चटकन येईल. ‘चाक’ आणि ‘चार’ या दोन शब्दांत मराठी भाषक दोन वेगळे ‘च’ उच्चारतो. लिपी मात्र दोहोंसाठी एकच अक्षर देते. एस्पेरांतोतील साधा सी हा साधारणतः ‘चाक’मधील दंत्य ‘च’ होय आणि टोपीचा सी हा ‘चार’मधील तालव्य ‘च’ होय. तद्वतच साधा एस म्हणजे ‘स’ आणि टोपीचा एस म्हणजे ‘श’. टोपीच्या जीचा उच्चार ‘जीवन’मधील ‘ज’सारखा होतो. टोपीचा जे हा फ्रेंचमधील घर्षक ‘झ’ होय, तर टोपीचा एच हा उर्दूतील ‘ख़’च्या जवळचा आहे. या शेवटच्या ध्वनीचा वापर उत्तरोत्तर कमी होत गेला असून अनेक शब्दांत त्याची जागा ‘क’ने घेतली आहे. रसायनशास्त्राचा वाचक शब्द पूर्वी ‘ख़ेमिओ’ होता, तो आता सर्रास ‘केमिओ’ असा लिहिला जातो.

३. चिन्ह वगळल्यास काय होते

टोपी आणि चंद्र ही अलंकारचिन्हे असती, तर ती वगळून काम भागले असते. वस्तुतः ती अर्थभेदक आहेत. ‘त्सेलो’ म्हणजे ध्येय आणि ‘चेलो’ म्हणजे पेशी. लेखनात या दोहोंमध्ये केवळ टोपीचा फरक आहे. ‘पासि’ म्हणजे निघून जाणे, सरणे आणि ‘पाशि’ म्हणजे पाऊल टाकणे.

याहून महत्त्वाचा भेद सर्वनामांत आढळतो. ‘शि’ म्हणजे ती आणि ‘सि’ म्हणजे स्वतः. ‘ली लेगास शिआन लिब्रोन’ या वाक्याचा अर्थ ‘तो तिचे पुस्तक वाचतो’ असा होतो. एसवरील टोपी गळाली की तेच वाक्य ‘ली लेगास सिआन लिब्रोन’ असे होते आणि त्याचा अर्थ ‘तो आपले पुस्तक वाचतो’ असा बदलतो. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. त्यामुळे चूक झाली आहे हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. निरर्थक शब्द निर्माण करणारी चूक वाचकाला सावध करते. दुसरा सार्थ शब्द निर्माण करणारी चूक मात्र त्याची दिशाभूल करते. टोपीच्या अक्षरांविषयी एस्पेरांतो भाषकांनी इतका आग्रह का धरला, याचे उत्तर येथे मिळते.

४. संगणकपूर्व काळ : एच-पद्धती आणि सुधारणेचा वाद

ही अक्षरे प्रत्येक छापखान्यात असणार नाहीत, याची जाणीव झामेनहोफला होती. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फुंदामेन्तो दे एस्पेरांतो’ या आधारग्रंथात त्याने ज्या छापखान्यांकडे टोपीचे खिळे नाहीत त्यांना एक सवलत दिली. टोपीऐवजी त्या अक्षरापुढे एच हे अक्षर जुळवावे आणि चंद्राच्या यूऐवजी साधा यू वापरावा, अशी ती सवलत होय. हीच ‘एच-पद्धती’.

या पद्धतीत दोन दोष आहेत. एच हे एस्पेरांतोचे स्वतंत्र अक्षर असल्याने जोडशब्दांत संदिग्धता उत्पन्न होते. विमानतळाला ‘फ्लुग-हावेनो’ असा सामासिक शब्द आहे. त्यातील पहिल्या पदाच्या शेवटी जी व दुसऱ्याच्या आरंभी एच येतो. एच-पद्धतीने वाचणारा त्या जोडीला टोपीचा जी समजून ‘फ्लुजावेनो’ असे वाचू शकेल. शिकारी कुत्रा या अर्थाच्या ‘चास-हुंदो’ या शब्दाचेही असेच होते. तेथे एस आणि एच शेजारी आल्याने ‘चाशुंदो’ असा भ्रम होतो. दुसरा दोष चंद्राच्या यूसंबंधीचा. त्याचे चिन्ह या पद्धतीत सरळ लोप पावते, त्यामुळे स्वर कोठे आणि अर्धस्वर कोठे हे वाचकाला आधीच ठाऊक असावे लागते. पूर्वज या अर्थाच्या ‘प्रा-उ-लो’ या शब्दात तीन अवयव आहेत, हे केवळ लेखनावरून कळेनासे होते.

टोपी मुळातच काढून टाकावी, असा विचारही पुढे आला होता. १८९४ साली खुद्द झामेनहोफने ‘ला एस्पेरांतिस्तो’ या नियतकालिकातून भाषासुधारणेचा जो आराखडा मांडला, त्यात चिन्हांकित अक्षरांना फाटा दिलेला होता. वाचकांनी मतदानाने तो आराखडा नाकारला. पुढे १९०७ साली एस्पेरांतोतून फुटून निघालेल्या ‘इदो’ या भाषेने चिन्हांकित अक्षरे टाकून देऊन साधी रोमन वर्णमाला स्वीकारली. यंत्राच्या दृष्टीने इदोची निवड सोयीची होती. तरीही भाषकसंख्या आणि साहित्य या दोन्ही बाबतींत एस्पेरांतोच पुढे राहिली. लेखनाची सोय हा भाषा टिकण्याचा एकमेव निकष नव्हे, हे या घटनेवरून दिसते.

टंकलेखन यंत्राच्या काळात फ्रेंच धाटणीच्या यंत्रांनी थोडी मदत केली. त्या यंत्रांवर टोपीची ‘मृत कळ’ असे. ती दाबली असता चिन्ह उमटे, पण कागद पुढे सरकत नसे. त्यानंतर दाबलेले अक्षर त्याच चिन्हाखाली बसे. अशा रीतीने पाच अक्षरे साधत. चंद्राची सोय मात्र तेथे नव्हती. म्हणून यूवरही टोपीच चढविली जाई किंवा चंद्र हाताने काढला जाई.

५. संगणकाची अंकव्यवस्था

संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवितो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हा केवळ संकेत असतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘आस्की’ या संकेतात एकूण १२८ स्थाने होती व ती इंग्रजीच्या गरजेपुरती होती. त्यात टोपीच्या अक्षरांना स्थान नव्हते. पुढे स्थानांची संख्या २५६ झाली, तेव्हा निरनिराळ्या भाषासमूहांसाठी निरनिराळे तक्ते तयार करण्यात आले. पश्चिम युरोपसाठीचा ‘लॅटिन-१’ हा तक्ता सर्वाधिक प्रचलित झाला. १९८८ सालच्या ‘लॅटिन-३’ या तक्त्यात तुर्की आणि माल्टी यांच्याबरोबर एस्पेरांतोलाही जागा मिळाली.

हा तक्ता मिळाला तरी प्रश्न सुटला नाही. अंक तोच आणि तक्ता निराळा, अशी स्थिती असल्यामुळे लॅटिन-३ मध्ये लिहिलेला मजकूर लॅटिन-१ मानणाऱ्या संगणकावर उघडला की तो विद्रूप होई. पहिल्या तक्त्यात १८८ हा अंक टोपीच्या जेचा. दुसऱ्यात तोच अंक पाव या अपूर्णांकाचा. १८२ हा अंक एकीकडे टोपीच्या एचचा, तर दुसरीकडे परिच्छेदाच्या खुणेचा. परिणामी पत्राच्या मध्यावर शब्दाच्या पोटात अचानक ‘पाव’ अवतरे. युनिकोडपूर्व काळात विशिष्ट टंकात अक्षरजुळणी केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची माळ होऊन येत असे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या अडचणीचे स्वरूप वेगळे सांगावयास नको.

६. एक्स-पद्धती

या कालखंडात एस्पेरांतो भाषकांमध्ये ‘एक्स-पद्धती’ रूढ झाली. टोपीच्या किंवा चंद्राच्या अक्षराऐवजी साधे अक्षर लिहून त्यापुढे एक्स जोडावयाचा, एवढाच तिचा नियम. एक्स हे एस्पेरांतोच्या वर्णमालेतील अक्षरच नसल्याने एच-पद्धतीतील संदिग्धता येथे संभवत नाही. शिवाय चंद्राच्या यूलाही स्वतंत्र लेखन मिळते. आणखी एक लाभ शब्दकोशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एस्पेरांतोच्या अकारविल्हे रचनेत साध्या सीचे सर्व शब्द संपल्यावर टोपीच्या सीचे शब्द येतात. एक्स हे रोमन वर्णमालेच्या अखेरीस येणारे अक्षर असल्यामुळे संगणकाने यांत्रिकपणे लावलेला क्रमही बहुतांशी तसाच येतो. अपवाद झेडचा. ‘पुन्हा वापरणे’ या अर्थाच्या ‘रे-उझि’ या शब्दात यूनंतर झेड येतो. तो शब्द संधिवाताच्या वाचक शब्दाच्या आधी यावयास हवा, कारण त्या दुसऱ्या शब्दात चंद्राचा यू आहे. एक्स-पद्धतीत मात्र हा क्रम उलटतो.

एक्स-पद्धतीने लिहिलेला मजकूर यंत्राच्या साहाय्याने खऱ्या अक्षरांत रूपांतरित करणे सोपे असते. २००१ साली सुरू झालेल्या एस्पेरांतो विकिपीडियाच्या आज्ञावलीने प्रारंभीच्या काळात ही सोय पुरविली होती. परंतु अशा रूपांतराला परकीय विशेषनामे अडखळवितात. फ्रान्समधील बोर्दो शहराच्या नावाचे फ्रेंच लेखन यू आणि एक्स यांनी संपते. यंत्राला ते चंद्राच्या यूचे चिन्ह वाटते आणि नावाचे शेपूट तुटते. यावर उपाय म्हणून अशा ठिकाणी एक्स दोनदा लिहिण्याचा संकेत करावा लागला. तडजोडीच्या प्रत्येक पद्धतीला तिचा असा अपवाद असतोच.

७. युनिकोड आणि आजचे कळफलक

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक अक्षराला एकच कायमचा अंक देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. टोपीच्या लहान सीला २६५, लहान जीला २८५, एचला २९३, जेला ३०९, एसला ३४९ आणि चंद्राच्या लहान यूला ३६५ असे दशमान क्रमांक मिळाले. त्या त्या मोठ्या अक्षराचा क्रमांक एकाने कमी आहे. साठवणुकीचा प्रश्न या व्यवस्थेने तत्त्वतः मिटला. उरला तो उमटविण्याचा प्रश्न.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घेतली पाहिजे. कळ दाबली असता कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाही, तर कोणत्या जागेवरील कळ दाबली गेली एवढेच कळवितो. त्या जागेला कोणते अक्षर द्यावयाचे हे संगणकातील कळफलक-आराखडा ठरवितो. म्हणून नवे यंत्र विकत न घेता केवळ आराखडा बदलून नवी अक्षरे मिळविता येतात. आज एस्पेरांतोसाठी प्रचारात असलेल्या पद्धतींचे पुढीलप्रमाणे पाच वर्ग करता येतील.

पहिली पद्धती मृत कळेची. टंकलेखन यंत्रावरील कल्पना येथे जशीच्या तशी आली आहे. मॅक संगणकावरील ‘एबीसी एक्स्टेंडेड’ या आराखड्यात ऑप्शन कळेसह सहाचा अंक दाबून नंतर सी, जी, एच, जे किंवा एस दाबल्यास टोपीचे अक्षर उमटते. ऑप्शनसह बी दाबून नंतर यू दाबल्यास चंद्राचा यू मिळतो. मात्र मृत कळ दिसली की काम झाले, असे समजू नये. विंडोजमधील ‘यूएस इंटरनॅशनल’ या आराखड्यात टोपीची मृत कळ आहे, पण ती स्वरांपुरतीच मर्यादित आहे. तिच्यापुढे सी दाबल्यास टोपी आणि सी एकापुढे एक असे सुटेच उमटतात.

दुसरी पद्धती कळांच्या पुनर्वाटपाची. एस्पेरांतोला क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय नकोत. म्हणून त्यांच्या जागा मोकळ्या समजून तेथे टोपीची अक्षरे बसवावयाची. लिनक्स प्रणालीतील एस्पेरांतो आराखड्यात क्यूच्या जागी टोपीचा एस, डब्ल्यूच्या जागी टोपीचा जी, एक्सच्या जागी टोपीचा सी आणि वायच्या जागी चंद्राचा यू येतो. उरलेली दोन अक्षरे चौकोनी कंसांच्या कळांवर ठेवलेली आहेत. सतत एस्पेरांतोत लिहिणाऱ्याला ही पद्धती सर्वांत वेगवान ठरते. इंग्रजी किंवा फ्रेंच नावे मध्येच लिहावयाची झाल्यास मात्र आराखडा बदलावा लागतो.

तिसरी पद्धती ‘कंपोज’ कळेची. ही कळ दाबून प्रथम टोपीचे चिन्ह आणि मग अक्षर दाबले की दोहोंचा संयोग होतो. ही सोय मुख्यतः लिनक्स आणि तत्सम प्रणालींत आढळते. बहुभाषिक लेखन करणाऱ्यास ती विशेष उपयोगी आहे.

चौथी पद्धती रूपांतरक आज्ञावलीची. विंडोजसाठी ‘तायपि’सारख्या छोट्या आज्ञावल्या उपलब्ध झाल्या. लेखकाने सवयीप्रमाणे सी आणि एक्स दाबावा आणि पडद्यावर तत्काळ टोपीचा सी उमटावा, असे त्यांचे कार्य असते. येथे एक्स-पद्धती लेखनातून निवृत्त होऊन केवळ बोटांच्या सवयीपुरती उरते. कागदावर किंवा पडद्यावर तिचा मागमूसही राहत नाही.

पाचवी पद्धती प्रासंगिक उपयोगाची. एस्पेरांतोतील एखादेच नाव लिहावयाचे असल्यास विंडोजवरील वर्ड या आज्ञावलीत इंग्रजी अंकांत ०१०९ असे टंकित करून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्यास टोपीचा सी उमटतो. हा क्रमांक षोडशमान पद्धतीचा असून वर दिलेल्या २६५ या दशमान अंकाचेच ते दुसरे रूप आहे. भ्रमणध्वनीवर योग्य आराखडा निवडला असता मूळ अक्षरावर बोट थोडा वेळ दाबून धरले की त्याची चिन्हांकित रूपे समोर येतात.

८. एकाच अक्षराची दोन रूपे

युनिकोडमध्येही एक सूक्ष्म अडचण राहते. टोपीचा सी एका अंकाने लिहिता येतो. साधा सी आणि त्यापुढे जोडचिन्ह म्हणून टोपी, असा दोन अंकांनीही तो लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणक अंकांची तुलना करीत असल्याने एका रूपात शोधलेला शब्द दुसऱ्या रूपात त्याला सापडेलच असे नाही. ही दोन्ही रूपे समान मानावीत, असा स्पष्ट नियम युनिकोडने केला आहे आणि मजकूर एकरूप करण्याची रीतही ठरवून दिली आहे. ग्रंथसूची किंवा शब्दसंग्रह तयार करणाऱ्याने ती रीत आधी अवलंबिली पाहिजे.

याच ठिकाणी मराठीच्या अभ्यासकाला आपल्या लिपीचा प्रश्न आठवल्यावाचून राहणार नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद ज्या अर्ध्या ‘र’वर अवलंबून आहे, तो संगणकावर दोन वेगवेगळ्या अंकक्रमांनी लिहिला जातो. ‘अॅ’ आणि ‘ॲ’ यांचीही तीच कथा. ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ सालच्या युनिकोड आवृत्तीत मिळाले. तत्पूर्वीचा मजकूर ‘अ’वर चंद्र जोडून लिहिलेला आहे आणि टोपीच्या सीप्रमाणे ही दोन रूपे समान मानण्याचा नियम येथे नाही. त्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारा शब्द शोधताना जुन्या लेखनातील त्याच शब्दाची नोंद निसटू शकते. शब्दसूचीवर आधारलेले संशोधन अशा वेळी अभ्यासकाच्या नकळत अपुरे राहते.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, एस्पेरांतोतील टोपी आणि चंद्र ही अर्थभेदक चिन्हे असल्याने ती वगळून केलेले लेखन अपुरे ठरते. दोन, एच-पद्धती आणि एक्स-पद्धती या दोन्ही साधनांच्या उणिवेतून जन्मल्या. त्यांतील दुसरी अधिक शास्त्रशुद्ध असली, तरी तिचे योग्य स्थान बोटांच्या सवयीत आहे, छापील पानावर नाही. तीन, आज अक्षर उमटविण्याच्या किमान पाच पद्धती उपलब्ध असल्याने साधनाची सबब सांगून चिन्ह गाळण्याचे कारण उरलेले नाही.

एस्पेरांतोच्या मागे कोणतेही राज्य नव्हते. तिच्या सहा अक्षरांसाठी कोणत्याही शासनाने खिळे पाडून घेतले नाहीत की कळफलक बनवून घेतले नाहीत. तरीही विखुरलेल्या भाषकांनी शतकाहून अधिक काळ ही अक्षरे सोडली नाहीत. छापखान्यात, टंकलेखन यंत्रावर आणि संगणकावर त्यांनी प्रत्येक वेळी तात्पुरती तडजोड स्वीकारली. मात्र त्या तडजोडीला लिपीचे स्थान त्यांनी दिले नाही. यंत्राला पेलत नाही म्हणून अक्षर बदलावे की अक्षरासाठी यंत्र बदलावे, हा प्रश्न ज्या ज्या भाषेपुढे येतो, तिच्या अभ्यासकांनी हा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे.